लिचेसच्या कोडमध्ये माझा पहिला बदल: ऑफिसच्या परवानगीपासून मर्ज होईपर्यंत

जून २०२५च्या पहिल्या आठवड्यात लिचेस या बुद्धिबळाच्या साइटच्या कोडमध्ये माझा पहिला बदल सामील झाला. बदल छोटाच आहे. तरी तिथवर पोहोचायला जवळपास अर्धं वर्ष गेलं, आणि त्यात प्रत्यक्ष कोड लिहिण्याचा वाटा अगदी थोडा. बाकी वेळ ऑफिसची परवानगी, लॅपटॉपची तयारी, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचणं आणि उत्तराची वाट पाहणं यात गेला. ओपन सोर्सबद्दल, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरबद्दल, जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक कोडबद्दल असतं, म्हणून मी बाकीचंही तारखांसकट लिहून ठेवतेय. हिंजवडी, खराडीत नोकरी करून संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा लॅपटॉप उघडायची ज्यांची हिंमत होत नाही, त्यांच्या उपयोगी पडलं तर बरं वाटेल.

मी स्वतः बरीच वर्षं जावामध्ये काम करते, विमा कंपन्यांसाठीच्या सॉफ्टवेअरवर. बुद्धिबळ बेताचंच येतं. या वाटेला लागले ती मामांमुळे.

मामा सहकारनगरला राहतात. बँकेतून निवृत्त झाले आणि त्याआधीच काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. त्यांच्याकडे अंधांसाठीचा पट आहे. त्यावर काळी घरं किंचित वर उचललेली असतात, प्रत्येक घराला मधोमध भोक आणि प्रत्येक सोंगटीला खाली खुंटी. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बारीक टोक असतं. मामा खेळताना दोन्ही हात पटावरून फिरवत राहतात, आणि खुंटी बसवलेली असल्यामुळे सोंगट्या पडत नाहीत. स्पर्धेत असे दोन खेळाडू समोरासमोर बसले की प्रत्येकाचा आपापला पट असतो आणि खेळी मोठ्याने उच्चारायची असते. 'बी', 'डी', 'ई' कानाला सारखे लागतात, म्हणून फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत पटाच्या उभ्या ओळींना नावं दिली आहेत: ॲना, बेला, सेझार, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्टाव, हेक्टर. मामांच्या तोंडून ही नावं मी लहानपणापासून ऐकत आलेय.

लिचेसवर ते एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, खेळतात. तोही ओपन सोर्स, फुकट मिळणारा, २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी सुरू केलेला. लिचेसमध्ये दृष्टिहीनांसाठी वेगळा मोड आहे. त्यात पटाचं चित्र बघायची गरज पडत नाही, खेळी टाइप करायची असते. 'सी' टाइप केलं की दोघांची घड्याळं वाचून दाखवली जातात, 'एल' टाइप केलं की शेवटची खेळी, 'पी' आणि पुढे सोंगटीचं अक्षर दिलं की ती सोंगटी कुठे कुठे आहे ते कळतं. खेळी कशी उच्चारायची तेही सेटिंगमध्ये निवडता येतं. डिसेंबर २०२४ मध्ये एका रविवारी मामांनी मला ते सेटिंग उघडून दाखवलं. घोड्याने एफ५ वरची सोंगटी मारली तर एका पर्यायात 'नाइट टेक्स एफ ५' ऐकू येतं आणि दुसऱ्यात 'नाइट टेक्स फेलिक्स ५'.

"हे फेलिक्स यात कोणी बसवलं असेल गं?" त्यांनी विचारलं.

लिचेसचा सगळा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर उघडा आहे. कुठली ओळ कोणी, कधी, कशासाठी बदलली ते दिसतं. मी तिथल्या तिथे फोनवर शोधून त्यांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे तुलाही करता येईल की."

लिचेसच का, याचं उत्तर एवढंच. खेळांचे इतरही प्रकल्प आहेत. स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन सी प्लस प्लसमध्ये आहे; तिथे सुचवलेल्या बदलाची आधी फिशटेस्टवर, म्हणजे स्वयंसेवकांच्या संगणकांवर, हजारो डाव खेळून परीक्षा होते. रेल्वे कंपन्यांच्या खेळांची एटीन-एक्सएक्स नावाची साइट रूबीत लिहिलेली आहे. केडीईचे छोटे खेळ सी प्लस प्लस आणि क्यूटीमध्ये आहेत. भाषा ओळखीची असली की सुरुवात सोपी जाते हे खरंच. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो खेळ रोज खेळणारं कुणीतरी हाकेच्या अंतरावर असावं. काय बदलायला हवं, आणि बदललेलं नीट झालं का, हे त्या माणसाइतकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला नोकरीचं नेमणूकपत्र बाहेर काढलं. ही पायरी बरेच जण सोडून देतात. सोडू नका. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ यातल्या कलम १७ (क) नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाची (कोडही त्यात आला) पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्या कंपनीची असते. सुट्टीच्या दिवशी घरी केलेलं काम त्यात येत नाही असं तुम्हाला वाटेल. पण बऱ्याच आयटी कंपन्यांचे करार कायद्याहून पुढे जाऊन नोकरीच्या काळात केलेल्या जवळजवळ सगळ्यावर हक्क सांगतात. माझ्या करारातही तसं कलम होतं, शिवाय लेखी परवानगीवाचून बाहेरचं काम करायचं नाही असंही एक. पगार मिळो न मिळो, ते लागू.

६ जानेवारीला मी मॅनेजरना मेल केली. त्यांनी लगेच 'माझी हरकत नाही' असं कळवलं आणि एचआरच्या पोर्टलवर तिकीट टाकायला सांगितलं. पोर्टलवर ओपन सोर्ससाठी वेगळा रकाना नव्हता. 'इतर' निवडून टाकलेलं तिकीट चार दिवसांत आपोआप बंद झालं. मग एचआरमधल्या एका ताईंना भेटून विचारलं, त्या म्हणाल्या, "हे 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' खाली टाका, तिथून लीगलकडे जातं." तुमच्या कंपनीतही बहुधा हाच मार्ग असेल, आधी विचारून घ्या.

लीगलकडून आलेले प्रश्न इथे देते, म्हणजे तुम्हाला उत्तरं आधीच तयार ठेवता येतील. प्रकल्प कोणाचा आहे? (फ्रान्समधली ना-नफा संस्था. देणग्यांवर चालते, साइटवर जाहिराती नाहीत.) मोबदला मिळणार का? नाही. कंपनीच्या कुठल्या ग्राहकाशी स्पर्धा आहे का? नाही. लायसन्स कोणतं? इथे गाडी अडली. लिचेसचा मुख्य कोड एजीपीएलखाली आहे. या लायसन्सनुसार त्या कोडमध्ये फेरफार करून नेटवर्कवरून सेवा दिली, तर फेरफार केलेला कोड वापरणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. कंपन्यांच्या लीगल विभागांना त्याची धास्ती असते, कारण तसा कोड चुकून कंपनीच्या उत्पादनात शिरला तर तिथेही तो नियम लागू होतो. मी उत्तरात लिहिलं की कोड कंपनीत आणायचा नाहीये, माझ्याकडून फक्त बाहेर जाणार आहे. काम माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर, माझ्या मेलवरून, ऑफिसच्या वेळेबाहेर होईल. आणि कंपनीचा कोड किंवा माहिती त्यात वापरणार नाही. हे स्वयंघोषणापत्र म्हणून साध्या कागदावर सही करून द्यायचं होतं. स्टॅम्प पेपर, नोटरी काही लागलं नाही, खर्च शून्य.

११ फेब्रुवारीला परवानगीची मेल आली. अटी दोन: प्रत्येक स्वीकारलेल्या बदलाची लिंक एचआरला कळवायची, आणि परवानगी ३१ डिसेंबरपर्यंतच, पुढे नव्याने अर्ज. मेलची पीडीएफ करून मी घरच्या ड्राइव्हवर ठेवली. ऑफिसची मेल नोकरी सोडल्यावर उघडता येत नाही, हे लक्षात असू द्या.

परवानगी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नव्हतं, वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. गिटहबवर वैयक्तिक मेलवरून नवं खातं उघडलं. कोड पाठवणाऱ्यांना तिथे दोन पायऱ्यांची पडताळणी सक्तीची आहे. ऑथेंटिकेटर ॲप लावलं आणि रिकव्हरी कोड छापून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवले. फोन हरवला तर त्यांच्याशिवाय खातं परत मिळवणं फार अवघड जातं. सेटिंगमध्ये मेल पत्ता लपवण्याची सोय आहे, तीही पहिला कमिट, म्हणजे बदलाची पहिली नोंद, करण्याआधीच लावा. कमिटमध्ये गेलेला पत्ता कायमचा सगळ्यांना दिसत राहतो.

मग लिचेसची रचना समजून घेतली. मुख्य सर्व्हरचं नाव 'लिला'. तो स्काला या जावाच्या जवळच्या भाषेत लिहिलेला आहे, माहिती मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये साठते. चालू डावातल्या खेळ्या ब्राउझरकडून सर्व्हरकडे नेण्या-आणण्यासाठी वेगळा वेबसॉकेट सर्व्हर आहे आणि ते दोघं रेडिस या मधल्या निरोप्यामार्फत एकमेकांशी बोलतात. ब्राउझरमध्ये दिसणारा भाग टाइपस्क्रिप्टमध्ये आहे. पटाचं चित्र आणि सोंगट्या हलवणं हे चेसग्राउंड नावाच्या वेगळ्या लायब्ररीत, बुद्धिबळाचे नियम स्कालाचेस नावाच्या आणखी वेगळ्या लायब्ररीत. हे सगळं एकदम डोक्यात मावत नाही, मावायला हवं असंही नाही. मी कागदावर चौकोन काढून बाण मारले आणि मामांच्या मोडचा कोड कुठल्या चौकोनात येतो तेवढं शोधलं. तो पूर्णपणे टाइपस्क्रिप्टच्या बाजूला निघाला. इतकी वर्षं जावा करून स्काला वाचता येत होतं, पण त्याला हात लावायची गरजच नव्हती. हे कळल्यावर मोठं दडपण उतरलं.

याच काळात मामांकडे बसून एनव्हीडीए शिकले. इथे ते गुरू, मी विद्यार्थिनी. त्यांच्या वेगाने तो आवाज मला एक शब्दही कळत नव्हता. रोज वापरणारे लोक आवाज इतका जलद ठेवतात की आपल्याला नुसता घरंगळणारा ध्वनी ऐकू येतो. वेग पार खाली आणला. मग मामांनी सांगितलं की एनव्हीडीएत दोन अवस्था असतात. वाचण्याच्या अवस्थेत 'एच' दाबलं की पुढचं शीर्षक, 'बी' दाबलं की पुढचं बटण, म्हणजे अक्षरं उड्या मारायला वापरली जातात. टाइप करण्याच्या अवस्थेत तीच अक्षरं रकान्यात उमटतात. इन्सर्ट आणि स्पेस एकत्र दाबून एकीतून दुसरीत जायचं. हे ठाऊक नसलेला डेव्हलपर या मोडची चाचणी करायला बसला तर त्याला वाटेल साइटच चालत नाहीये. शेवटी मामांनी स्क्रीनवर पडदा टाकायला लावला, तशी सोय एनव्हीडीएतच आहे. काळ्या पडद्यासमोर मी एक अख्खा डाव खेळले. पंधराव्या खेळीनंतर माझा उंट कुठे आहे ते मला आठवेना आणि मामा शेजारी बसून माझ्या डावातल्या दोन्ही बाजूंच्या सोंगट्या कुठे आहेत ते एका दमात सांगत होते.

फेब्रुवारीच्या शेवटी लॅपटॉपकडे वळले. माझा जुना लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. लिला, डेटाबेस, ब्राउझर आणि एडिटर एकदम चालवायला ती कमी पडते. टिळक रस्त्यावरच्या एका दुकानातून ८ जीबीची आणखी एक पट्टी १,९०० रुपयांना घेतली, त्यांनीच बसवून दिली. पैशांचा खर्च म्हणाल तर हा एवढाच. जाण्याआधी लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते टास्क मॅनेजरमध्ये बघून जा.

चालू करण्यासाठी लिला-डॉकर नावाचा तयार संच आहे. तो सगळे भाग डॉकरमध्ये, म्हणजे संगणकातल्या वेगळ्या बंदिस्त जागांत, एकत्र उभे करतो, हवं तर नमुन्याचे खेळाडू आणि डावही डेटाबेसमध्ये भरून देतो. माझ्याकडे विंडोज आहे, म्हणून आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात उबुंटू हे लिनक्स घेतलं. इथली सगळ्यात कामाची टीप: कोड उबुंटूच्या आतल्या होम फोल्डरमध्येच ठेवा, सी ड्राइव्हवर नको. विंडोजच्या बाजूच्या फाइल्स लिनक्समधून वाचताना सगळं इतकं संथ होतं की काहीतरी बिघडलंय असंच वाटतं. पहिल्या वेळी डाउनलोड काही जीबींचं आहे आणि त्यानंतर स्कालाचं कंपाइल, म्हणजे कोडचं यंत्राला चालवता येईल अशा रूपात रूपांतर, होतं. मी रात्री जेवणं झाल्यावर सुरू करून झोपले. सकाळी ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८०८० (आपल्याच संगणकाचा पत्ता) उघडलं आणि माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारं अख्खं लिचेस समोर आलं. दोन खिडक्यांत दोन खेळाडू म्हणून शिरले आणि स्वतःशीच डाव मांडला. मुलगी शाळेचा डबा मागत होती, तिला आधी बोलावून ते दाखवलं. तो आनंद मला अजून आठवतो.

त्यानंतर ब्राउझरच्या बाजूचा कोड तयार करणारी आज्ञा 'वॉच'मध्ये, म्हणजे सतत चालू, ठेवली की फाइल सेव्ह केल्यावर बदल आपोआप दिसतो, सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही.

मार्चमध्ये काम शोधायला लागले. गिटहबवर 'इश्यू' म्हणजे नोंदवलेल्या अडचणी आणि सूचना. नवख्यांसाठी सोप्या इश्यूंना 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल असतं. ती यादी बघा, पण त्यातले बरेच लवकर उचलले जातात. मी मामांच्या मोडशी संबंधित एक निवडला, दोन संध्याकाळी वाचून काढला आणि मग खालची चर्चा शेवटपर्यंत पाहिली, तर कुणीतरी त्यावर आधीच कोड पाठवलेला होता. वाईट वाटलं. पण त्या दुसऱ्याच्या कोडवर झालेली चर्चा वाचणं हीच माझी सगळ्यात चांगली शिकवणी ठरली. इथे काय मागितलं जातं, किती लहान तुकड्यात पाठवायचं, उत्तरं किती थोडक्यात असतात, सगळं त्यात दिसत होतं. कुठलाही प्रकल्प निवडा, पण स्वतःचं पाठवण्याआधी दुसऱ्यांच्या आठ-दहा स्वीकारलेल्या आणि दोन-तीन नाकारलेल्या बदलाच्या विनंत्या वाचाच.

कोड वाचताना खेळी शब्दांत उतरवणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढंच काम करणारा तुकडा, मला सापडलं होतं. तेच, फेलिक्सवालं. त्यासाठी आणखी चाचण्या, म्हणजे तो तुकडा बरोबर उत्तर देतो का ते आपोआप तपासणारा कोड, लिहिता येतील असं वाटत होतं. न विचारता लिहायला बसायचं नाही असं ठरवून मी विचारलं. इंग्रजीत तीनच वाक्यं: मी कोण, माझे नातेवाईक हा मोड रोज वापरतात, आणि या फंक्शनसाठी अमुक अमुक प्रकारांच्या चाचण्या लिहिल्या तर चालतील का. नमनाला घडाभर तेल नको. तिथले लोक स्वतःच्या वेळात शेकडो असे संदेश वाचत असतात. हिवाळ्यात फ्रान्सचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असतं, मार्चअखेरीस तिकडचं घड्याळ पुढे सरकलं की साडेतीन. शिवाय मदत करणारे लोक जगभर विखुरलेले. रात्री विचारलं की सकाळी उत्तर येईल अशी आशा धरू नये. मला काही दिवसांनी उत्तर आलं: चालेल, पाठवा.

एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची फिडे ग्रांप्री भरली होती. कोनेरू हम्पी जिंकली. मामा त्या दिवसांत रोज दुपारी लिचेसवरून त्या डावांच्या खेळ्या ऐकत आणि आपल्या पटावर लावत. मी रविवारी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन जायची. एका खोलीत त्यांचा पट, दुसऱ्या टोकाला माझा कोड, मामींचा चहा. कुठल्या खेळ्या चाचणीत हव्यात याची यादी बरीचशी त्यांनी तोंडी सांगितली. साधी खेळी, मारलेली खेळी, शह, मात, प्याद्याचा वजीर होणं, प्याद्याचा वजीर होता होता शह बसणं, एकाच घरात दोन घोडे जाऊ शकतात तेव्हा कोणता गेला ते सांगणं. आणि किल्लेकोट.

किल्लेकोटापाशी मी बराच वेळ थांबले. बुद्धिबळाच्या नोंदीत राजाच्या बाजूचा किल्लेकोट 'ओ-ओ' असा लिहितात आणि वजिराच्या बाजूचा 'ओ-ओ-ओ'. म्हणजे लांबच्या नोंदीच्या पोटात जवळची नोंद असतेच. कोडने आधी 'ओ-ओ' आहे का असं शोधलं तर लांबचा किल्लेकोटही जवळचा म्हणून उच्चारला जाईल, म्हणून आधी लांबचा तपासायचा हा क्रम महत्त्वाचा. त्यात शेवटी शहाची खूण असू शकते, मातेचीही. तिथला क्रम बरोबरच होता. पण उद्या कुणी नीटनेटकं करायला म्हणून ओळी वरखाली केल्या तर लगेच कळावं, यासाठी चाचणी. मी मामांना विचारलं की लांबचा किल्लेकोट चुकीचा ऐकू आला तर काय होईल. ते पटावर बोटं ठेवून म्हणाले, "राजा कुठे गेलाय तेच मला चुकीचं माहीत असेल. मग पुढचा सगळा डाव मी दुसराच खेळत असेन." डोळ्यांनी खेळणाऱ्याला पटाकडे एकदा बघितलं की कळतं. मामांच्या बाबतीत तो उच्चारलेला शब्द हाच पट आहे. त्या चाचणीच्या चार ओळी लिहिताना मला ऑफिसातल्या कुठल्याही कामाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, जबाबदारीचं वाटलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुल रिक्वेस्ट पाठवली. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी क्रम असा: मूळ कोडची आपल्या खात्यात प्रत करायची, तिला फोर्क म्हणतात, ती आपल्या लॅपटॉपवर उतरवायची, मुख्य शाखेला, म्हणजे कोडच्या मूळ धाग्याला, हात न लावता त्यातून फुटणारी वेगळी शाखा काढायची, तिच्यावर बदल करून कमिट करायचा, ती शाखा आपल्या फोर्कवर पाठवायची आणि तिथून 'हे घ्याल का' अशी विनंती मूळ प्रकल्पाला करायची. वर्णनात मी काय बदललं, का बदललं आणि कसं तपासलं एवढंच लिहिलं. तपासलंय कसं यात एनव्हीडीएचा उल्लेख केला. यंत्राने सुचवलेला कोड आयता उचलून पाठवणं मी कटाक्षाने टाळलं. प्रश्न विचारल्यावर ज्याची ओळ न ओळ समजावून सांगता येत नाही, तो कोड दुसऱ्याच्या अंगणात टाकू नये असं माझं ठाम मत आहे.

विनंती गेल्यावर आपोआप तपासण्या सुरू होतात. पहिल्यांदाच कोड पाठवणाऱ्यासाठी त्या आधी कुणीतरी हाताने मंजूर कराव्या लागतात, त्यामुळे बराच वेळ नुसता पिवळा ठिपका दिसतो. घाबरू नका. माझा ठिपका दोन दिवस पिवळा होता, मग हिरवा झाला.

मे महिन्यात परीक्षण आलं. सूचना तीन होत्या. चाचण्यांची नावं आणखी नेमकी करा. एकसारख्या चाचण्या वेगवेगळ्या न लिहिता तक्त्यासारख्या एकत्र लिहा. मदतीच्या मजकुरातला जो एक शब्द जाता जाता सुधारलाय तो या विनंतीतून काढून वेगळा पाठवा. सूचना एकेका ओळीच्या, 'कृपया' वगैरे फारसं काही नाही. आपल्याकडच्या मेलच्या सवयीला ते रोखठोक वाटतं, पण त्यात राग नसतो. मी प्रत्येक सूचनेखाली 'केलं' असं लिहून नवा कमिट पाठवला. तक्त्याच्या रूपात मांडल्यावर फाइल निम्मी झाली आणि वाचायलाही कितीतरी सोपी. हे मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसातही वापरलं.

मग पुन्हा शांतता. पंधरा दिवस काही नाही. अशा वेळी रोज टोचणी लावू नये. दोन आठवडे थांबून एकदा नम्रपणे विचारावं. मी विचारायच्या आतच मुख्य शाखेत बरेच दुसरे बदल झाले आणि माझी शाखा जुनी पडली, ती ताजी करून पुन्हा पाठवावी लागली. त्यासाठी रिबेस ही, आपले बदल ताज्या मुख्य शाखेवर पुन्हा बसवणारी, गिटची (बदल नोंदवण्याच्या प्रोग्रामची) आज्ञा आधी एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये सराव करून शिकून ठेवा, ऐन वेळी हात थरथरत नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी, कर्वे रस्त्यावर बसमध्ये उभी असताना, फोनवर 'मर्ज्ड' अशी जांभळी खूण दिसली. खाली दोन शब्दांचा धन्यवाद. मी आधी मामांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लांबच्या किल्लेकोटाची गेली का त्यात?" गेली म्हटल्यावर म्हणाले, "मग आता ते मदतीच्या मजकुराचं राहिलंय, ते कधी पाठवतेस?"

ते पुढच्या रविवारी पाठवलं, वेगळ्या विनंतीत, आणि ते लवकर स्वीकारलं गेलं. दोन्हींच्या लिंक एचआरला कळवल्या. पोच आली, ती परवानगीच्या पीडीएफसोबत ठेवलीय. फोर्कवरच्या जुन्या शाखा पुसून मुख्य शाखा ताजी केली. परवानगीची मुदत डिसेंबरअखेर संपते. मागच्या वेळी महिन्याहून जास्त लागला होता, म्हणून यंदा नवा अर्ज नोव्हेंबरमध्येच टाकणार आहे, थेट 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' खाली, लायसन्सबद्दलचं उत्तर सोबत जोडून.